क्षणजीवी रेणूंचा वेध घेणारे जॉर्ज पिमेंटेल

सिल्वासा परिसरात कृत्रिम धागा आणि प्लास्टिकचे अनेक कारखाने आहेत. अशा उद्योगांत कच्चा माल पारखण्यासाठी प्रयोगशाळेत त्यावर अवरक्त किरण सोडले जातात. प्रत्येक पदार्थाचे रेणू ठरावीक लयीत कंप पावतात आणि त्या लयीशी जुळणारे किरण शोषून घेतात. या शोषणाच्या आलेखाला, म्हणजे वर्णपटाला, पदार्थाची ओळखखूण म्हणता येईल. धागा वा प्लास्टिक मोजणी होईपर्यंत स्थिर राहते. पण रासायनिक क्रियेच्या ऐन मध्यात जन्मून निमिषार्धात नाहीसे होणारे रेणू कसे पाहायचे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज क्लॉड पिमेंटेल यांचे नाव अग्रभागी आहे.

पिमेंटेल यांचा जन्म 2 मे 1922 रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराजवळ झाला. बालपण लॉस एंजेलिसमध्ये, बेताच्या परिस्थितीत गेले. 1943 मध्ये तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली. महायुद्धाच्या काळात अणुबॉम्ब प्रकल्पासाठी प्लुटोनियम वेगळे करण्याच्या संशोधनात ते काही काळ होते; ते काम सोडून 1944 मध्ये ते नौदलात गेले. युद्धानंतर बर्कले येथे केनेथ पिट्झर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि तेथेच अध्यापन स्वीकारले.

क्षणजीवी रेणू पकडण्याचा त्यांचा पहिला मार्ग होता, त्यांना गोठवून ठेवण्याचा. 1954 मध्ये, म्हणजे दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली त्याच वर्षी, पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. अतिशीत, निष्क्रिय घन पदार्थात अस्थिर रेणू एकएकटे अडकवले की ते इतरांशी संयोग पावू शकत नाहीत. मग त्यांचा वर्णपट सावकाश नोंदवता येतो.

दुसरा मार्ग याच्या उलट होता. रेणू थांबत नसतील, तर उपकरणानेच त्यांचा वेग गाठायचा. त्या काळी एक अवरक्त वर्णपट नोंदवायला कित्येक मिनिटे लागत. केनेथ हेर यांच्यासह पिमेंटेल यांनी तेच काम सेकंदाच्या सहस्रांशाच्या पातळीवर आणणारे उपकरण उभे केले. प्रखर प्रकाशाच्या झोताने वायूतील रेणू फोडायचे आणि त्यातून जन्मलेले तुकडे विरण्याआधीच त्यांचा वर्णपट टिपायचा, अशी ही योजना होती. 1965 मध्ये या उपकरणाची माहिती प्रसिद्ध झाली. झोतानंतर घडणाऱ्या घडामोडींचा शोध घेतानाच, जेरोम कॅस्पर या विद्यार्थ्यासह त्यांना रासायनिक क्रियेच्या ऊर्जेवर चालणारा लेसरही गवसला.

पिमेंटेल यांना स्वतः अंतराळात जाण्याची ओढ होती. अंतराळवीर होण्यासाठी त्यांनी अर्जही केला. परंतु डोळ्याच्या पडद्यातील किरकोळ दोषामुळे ती संधी हुकली. मग त्यांचे उपकरण अंतराळात गेले. 1969 मध्ये मरिनर 6 आणि मरिनर 7 ही याने मंगळाजवळून गेली, तेव्हा त्यांवर पिमेंटेल आणि हेर यांचे अवरक्त वर्णपटमापक बसवलेले होते. यान वेगाने पुढे सरकत असल्याने येथेही वेळ अत्यंत थोडा होता.

मंगळाच्या दक्षिण ध्रुवीय टोपीच्या कडेला मिथेन आणि अमोनियाची चिन्हे असावीत, असे त्या नोंदींवरून वाटले. ऑगस्ट 1969 मध्ये पत्रकार परिषदेत ते जाहीर झाले आणि मंगळावरील जीवसृष्टीच्या चर्चेला उधाण आले. पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जाड थरातूनही तशाच रेषा मिळतात, असे आढळले. पिमेंटेल यांनी आपला निष्कर्ष मागे घेतला. उपकरणाने केलेली नोंद अचूक होती. घाई झाली होती ती अर्थ लावण्यात. क्षणार्धात हाती आलेल्या पुराव्याचीही सावकाश पडताळणी करावी लागते, हा धडा त्यांच्या वाट्याला जगासमोर आला आणि त्यांनी तो जगासमोरच स्वीकारला.

शालेय रसायनशास्त्र प्रयोगांतून शिकवले जावे, यासाठीही ते झटले. त्यांनी संपादित केलेले पाठ्यपुस्तक 1963 मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक भाषांत पोहोचले. 1977 ते 1980 या काळात ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे उपसंचालक होते. 1982 मध्ये जॉन पोलानी यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे वुल्फ पारितोषिक मिळाले.

18 जून 1989 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आज लेसरच्या साहाय्याने सेकंदाच्या अब्जांशाहूनही कितीतरी लहान काळातील अवरक्त मोजणी शक्य झाली आहे. प्रकाश पडताच प्रथिनांत होणारे बदल, उत्प्रेरकांच्या क्रियेतील मधले टप्पे यांचा अभ्यास या मोजणीने होतो. बर्कले येथील व्याख्यानगृहाला पिमेंटेल यांचे नाव आहे आणि तेथे आजही विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवले जाते.