न्यूयॉर्कची खोली आणि बडोद्याची सराई

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्या आपल्या समाजातील लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. जयंतीच्या प्रत्येक फलकावर त्या झळकतात. मात्र त्या मिळवीत असताना बाबासाहेब कोठे राहत होते, काय जेवत होते, परक्या मुलखाच्या रीतिभाती त्यांनी कशा अंगवळणी पाडल्या, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतून आज मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या मनात जेवणाखाणाची आणि राहण्याचीच चिंता प्रथम असते. म्हणून या स्मरणिकेत आम्ही तोच धागा हाती घेतला आहे.

१९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी, ही अट होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय अवघे बावीस. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांची सोय झाली खरी, पण तेथील अर्धेकच्चे अन्न आणि गोमांस त्यांना मानवेना. आठवड्याभरातच त्यांनी ती जागा सोडली. वसतिगृहातील डाळीविषयी कुरकुर करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे वाचून थोडा धीर येईल. तथापि त्यांनी हा दाखला गृहपालांपुढे ठेवू नये! पुढे कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये काही हिंदी विद्यार्थ्यांच्या सोबतीने ते राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर त्यांची खोली जमली. हा स्नेह जन्मभर टिकला.

प्रारंभीचे काही महिने टेनिस, बॅडमिंटन, बर्फावरची घसरण यांत गेले. लवकरच त्यांनी स्वतःला आवरले. शिष्यवृत्तीतून घरी रमाईंनाही पैसे पाठवायचे होते, तेव्हा जेवण म्हणजे कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा अथवा माशाचा एखादा पदार्थ एवढ्यावर भागे. उरलेले पैसे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. न्यूयॉर्कमधील वास्तव्यात त्यांनी सुमारे २,००० ग्रंथ जमविले. १९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला.

परदेशी गेलेल्या माणसाला थंडी, अन्न, भाषा यांची सवय होण्यास काही महिने पुरतात, असे आम्हास वाटते. बाबासाहेबांच्या बाबतीत याहून खोल असे काही घडत होते. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राही. न्यूयॉर्कमध्ये मेजावरचे पाणी त्यांनी आपल्या हाताने घ्यावे, शेजारी बसलेल्याने जात विचारू नये, ही तेथील रोजची रीत होती. अशा रीतीची सवय नकळत होते. त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, हे त्यांनी पुढे स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने तेथील अभ्यास अर्धवट टाकून २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईस परतले. महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते पाणतीराने बुडाले. करारानुसार ते बडोद्यास रुजू होण्यास निघाले आणि तेव्हा मनातील विसरलेला प्रश्न पुन्हा समोर आला: उतरायचे कोठे?

हिंदू खाणावळीत जात लपविल्याखेरीज प्रवेश नव्हता. स्नेह्यांच्या घरी जाऊन त्यांना अडचणीत टाकणे बाबासाहेबांना नको होते. शेवटी ते एका पारशी सराईत गेले. सदरा व कस्ती नसल्याने हे पारशी नव्हेत, हे रखवालदाराने ओळखले. परंतु सराई ओस पडलेली, त्यालाही मिळकत हवी होती. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचा दीड रुपया द्यायचा, असे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली. विजेचा दिवा नाही, बोलायला माणूस नाही, शेजारच्या दिवाणखान्यात अडगळ आणि वटवाघळे. कोलंबियाचा हा विद्वान रात्री कंदिलाच्या उजेडात वाचत बसे. कचेरीत तर शिपाई कागदपत्रे दुरून टेबलावर टाकीत.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी फर्मावले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्री नऊच्या गाडीपर्यंत वेळ कोठे काढावा म्हणून ते कामाठी बागेत जाऊन बसले. न्यूयॉर्क, लंडन या अनोळखी नगरांत ज्यांना खोली मिळाली, त्यांना महाराजांच्या राजधानीत, महाराजांच्याच नोकरीत असताना छप्पर मिळाले नाही. परदेशवास हा शब्द नेमका कोणत्या मुक्कामाला लावावा, असा प्रश्न आम्हास येथे पडतो.

पुढे मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. तेथेही काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास हरकत घेतली. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून कर्ज घेऊन १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनकडे निघाले. या वेळचे हाल पोटाचे होते. घरमालकीण कडक, सकाळी पावाचे एक-दोन तुकडे, माशाचा लहानसा तुकडा आणि बोव्हरिल नावाचे मांसाचे सत्त्व कालवलेले कपभर गरम पाणी. दुपारी बहुधा काहीच नाही. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बैठक. रात्री भूक अनावर झाली की एका ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. लंडनच्या कडाक्यात आपल्या घरचा पापड उपयोगी पडला! १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले असून तेथे आता स्मारक आहे. लंडनला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे.

१९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतील आपल्या दोन खोल्यांत परतले. पुढील वर्षी, २० जुलै १९२४ रोजी, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे उघडलेले वसतिगृह. तेथे अस्पृश्य मुलांच्या राहण्याजेवणाचा, कपड्यांचा आणि पुस्तकांचा खर्च सभा करीत असे.