फादर थॉमस स्टीफन्स आणि देवाची मराठी नावे

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रामुख्याने त्यांनी केलेल्या मराठीच्या स्तुतीसाठी घेतले जाते. मात्र त्यांच्या जीवितकार्यातील कळीचा प्रश्न वेगळाच होता. बायबलमधील ईश्वराला मराठीत कोणत्या नावाने हाक मारावी, हा तो प्रश्न होय.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. १६१९ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्यांचे वास्तव्य गोव्यात व बहुतांशी साष्टीत होते.

हा काळ सौम्य नव्हता. साष्टीतील देवालये पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले. सत्तासंघर्षाच्या ऐन धगीत त्यांचे भाषेकडे असे लक्ष असावे, ही गोष्ट त्यांच्या प्रकृतीची द्योतक आहे.

नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे निषिद्ध ठरली होती. त्यांच्या जागी काय द्यावे, या प्रश्नातून ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध झाले. १६१६ मध्ये राचोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. आदिपुराण व देवपुराण अशा दोन भागांतील या ग्रंथाची ओवीसंख्या सुमारे अकरा हजार आहे.

ग्रंथारंभीच्या नमनातील नावांचे तीन गट पाडता येतात. अव्यक्त, अदृष्ट, निर्विकार, निर्लेप ही नावे ईश्वराला दृश्य व विकारी सृष्टीपासून वेगळा करतात. कृपानिधी, करुणाकर ही त्याला भक्ताच्या निकट आणतात. ‘देवबाप’ हे त्रैक्यातील पित्याचे नाव मात्र मराठी श्रोत्यास नवे होते. पहिल्या दोन गटांतील शब्द संतपरंपरेने घडविलेले होते. स्टीफन्स यांनी ही विशेषणे स्वीकारली. पण पुराणातील देवतांची विशेषनामे ख्रिस्ती ईश्वराला दिली नाहीत. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरताना ते या सीमेच्या अगदी जवळ गेले, हे मान्य करावे लागते.

येथे एक पेच उद्भवतो. बायबलच्या उत्पत्तिग्रंथातील ईश्वर बागेत फिरतो, रागावतो, जलप्रलयापूर्वी मनुष्य निर्मिल्याचा खेद करतो. निर्विकार म्हणून वंदिलेल्या देवाचे हे वर्णन कसे समजावे? युरोपीय धर्मशास्त्राने अशा वर्णनांना मनुष्याच्या आकलनाशी जुळवून घेतलेली भाषा मानले होते. मराठी श्रोत्याला मात्र निर्गुणाचे स्तवन करून सगुणाची कथा ऐकण्याची सवय होती. त्यामुळे पुराण हा रचनाप्रकार निवडताना स्टीफन्स यांनी ओवीच्या लोकप्रियतेबरोबरच या दोन्ही ईश्वररूपांना सामावणारी श्रवणपरंपराही उसनी घेतली, असे म्हणता येईल.

या विवेचनाला एक मर्यादा आहे. आरंभीच्या मुद्रित आवृत्तींची प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ ची मंगळूर आवृत्ती रोमन हस्तलिखितांवर आधारलेली आहे, तर लंडनमधील मार्सडेन हस्तलिखित देवनागरीत असून त्याचा शब्दसंग्रह अधिक संस्कृतप्रचुर आहे. परिणामी एखादे नाव स्टीफन्स यांच्याच लेखणीचे की नकलकाराचे, हे प्रत्येक स्थळी पाठभेद पाहूनच ठरवावे लागते.

तरीही मूळ विसंगती शिल्लक राहते. ज्या परंपरेचे देव स्टीफन्स यांना त्याज्य वाटत होते, तिच्याच शब्दांवाचून त्यांना स्वतःचा देव मराठीत सांगता आला नाही. त्यांचे श्रेष्ठत्व आणि त्यांची कोंडी, दोहोंचे मूळ येथेच आहे.