ओहमने आधी चुकीचा नियम छापला होता, कारण त्याची बॅटरीच धड नव्हती

दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम दोन ओळींत संपतो. व्ही बरोबर आय आर. पाठ केला, गणितं सोडवली, विषय संपला. पण ज्याच्या नावाने हा नियम आहे तो गडी हे सूत्र सापडण्याआधी एक चुकीचं सूत्र छापून बसला होता.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ ला जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलुपं बनवायचे. स्वतः वाचून गणित शिकलेल्या या माणसाने पोरांनाही घरीच शिकवलं. जॉर्ज विद्यापीठात गेला खरा, पण तिथे नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यातच जास्त रमला. वडील भडकले आणि १८०६ मध्ये त्याची रवानगी स्वित्झर्लंडच्या एका शाळेत गणित शिकवायला झाली. १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली, तरी पुढची कित्येक वर्षं शाळामास्तरकीच करावी लागली.

१८१७ ला तो कोलोनच्या शाळेत आला. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती वीज वाहते, हे तो मोजू लागला. मोजायची पद्धत साधी. तारेच्या वर चुंबकाची सुई टांगायची. वीज वाहिली की सुई वळते. मग वरून पीळ देऊन सुई पुन्हा जागेवर आणायची. जितका पीळ, तितका करंट.

हे यंत्र ठीक होतं, गोंधळ बॅटरीत होता. तांबं, जस्त आणि आम्लाच्या त्या काळच्या बॅटरीत सर्किट जोडताच करंट उसळायचा आणि मग घसरत जायचा, कारण तांब्याच्या पत्र्यावर वायूचे बुडबुडे साचायचे. थोडा वेळ बंद ठेवली की बॅटरी पुन्हा सावरायची. म्हणजे फरक तारेमुळे पडला की बॅटरीमुळे, कळायला मार्ग नाही. १८२५ मध्ये याच आकड्यांवरून त्याने लॉगॅरिदमचं एक सूत्र छापलं. ते चुकलं.

आजही हे दुखणं तसंच आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या अनेक हॉल सेन्सरमध्ये करंट शून्य असताना आउटपुट २.५ व्होल्ट असतं. सप्लाय घसरला की हे शून्यच सरकतं आणि वायर कोरडी असताना स्क्रीनवर करंट दिसतो. सेन्सर बदलून काही होत नाही. आधी मल्टिमीटर लावून सप्लाय आणि रेफरन्स तपासावा लागतो.

ओहमला वाट दाखवली पोगेनडॉर्फने. ओहमचे लेख छापणाऱ्या विज्ञान नियतकालिकांपैकी एकाचा हा संपादक. त्याने बॅटरी सोडून थर्मोकपल वापरायला सुचवलं. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगळ्या तापमानाला ठेवले की वीज तयार होते, हे सीबेकने काहीच वर्षांपूर्वी दाखवलं होतं. ओहमने तांबं आणि बिस्मथ घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. व्होल्टेज मिळालं जेमतेम काही मिलिव्होल्ट, पण ते हलेना! बर्फ ० अंशाला वितळतो, पाणी १०० ला उकळतं, त्यात मास्तरांची मर्जी चालत नाही.

जानेवारी १८२६ मध्ये त्याने २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या. २ इंची तारेला पीळ ३२५ च्या आसपास, १३० इंचीला ५० च्याही खाली. गंमत म्हणजे तार २ ची ४ इंच केली तरी करंट निम्मा होत नव्हता. कारण तारेशिवायचं उरलेलं सर्किटच सुमारे २०¼ इंच तारेइतका रोध करत होतं. तापमानातला फरक कमी केला तेव्हा सूत्रातला व्होल्टेजचा आकडा खाली आला, हा २०¼ जागेवरून हलला नाही. दोन गोष्टी पहिल्यांदाच वेगळ्या झाल्या होत्या.

१८२७ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं. जर्मनीत थंड प्रतिसाद मिळाला. विद्यापीठाची जागा मिळेल ही आशा फोल ठरली आणि कोलोनची नोकरीही त्याने सोडली. १८३३ पर्यंत धड जागा नव्हती, मग न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये काम मिळालं. घरच्यांआधी कदर केली लंडनने. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं.

म्युनिकला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी. ६ जुलै १८५४ ला तो गेला. १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव पक्कं झालं.