काहिलीचे शास्त्र जाणणारे टिळक

टिळक म्हटले की मराठी माणसाला एकच नाव आठवते. रसायनशास्त्रातल्या डॉ. बाळ दत्तात्रय टिळकांची आठवण पुण्याबाहेर फारशी कोणी काढत नाही. आखाडा बाळापूरला बसून मला ती काढावीशी वाटते, त्याला कारण आहे.

जन्म १९१८चा, पैनगंगेपलीकडे विदर्भातल्या कारंज्याचा. मुंबईच्या यूडीसीटीत ते डॉ. के. वेंकटरामन यांच्या हाताखाली रंगद्रव्यांचे रसायन शिकले, ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे डी.फिल. झाले आणि परतून यूडीसीटीतच शिकवू लागले. १९६३ साली भटनागर पुरस्कार मिळाला. १९६६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुरूंच्याच खुर्चीवर, संचालक म्हणून बसले ते १९७८पर्यंत.

रंगांचा हा माणूस इंजिनिअरिंगला मान देणारा होता, हे मला त्यांचे खरे मोठेपण वाटते. चंचुपात्रात जमलेली अभिक्रिया कारखान्याच्या टाकीत जमेलच असे नाही. गुऱ्हाळावर उभे राहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. पातेलीभर रसाचा गूळ कोणीही करील. काहिलीत मात्र रस दाटू लागला की ढवळणे जड होते आणि तळ लागतो. पॉलिमरचेही तसेच. लहान रेणू जोडले जाऊन लांब साखळी होताना उष्णता बाहेर पडते. साखळ्या वाढतात तसा द्रव घट्ट होतो, उष्णता काढून घेणे अवघड होते. शिवाय त्या घट्टपणात वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकांना भेटून थांबत नाहीत, म्हणून अभिक्रियेचा वेग आणखीच वाढतो. काहिलीत फार तर गूळ करपेल. इथे टाकी फुटू शकते. हे गणित सोडवणारे शास्त्र म्हणजे अभिक्रिया अभियांत्रिकी.

एल. के. दोराईस्वामी प्रयोगशाळेत ते आधीपासून रुजवत होते. १९७६ साली रघुनाथ माशेलकर इंग्लंडहून आले आणि पॉलिमरचे प्रवाह व अभिक्रिया यांवरचे संशोधन तिथे जोमाने उभे राहिले. माशेलकरांना बोलावणारे सीएसआयआरचे नायुडम्मा होते, हे नोंदवायलाच हवे. पण प्रयोगशाळेचे दार टिळकांच्या हाती होते.

पद्मभूषण १९७२ साली मिळाले होते. निवृत्तीनंतर समित्यांवर मिरवणे सोपे होते. टिळकांनी पुण्यात 'कास्टफोर्ड' हे ग्रामीण विकासासाठी विज्ञान राबवणारे केंद्र उभारले. टाकीतून निघालेले शास्त्र गावात पोचते का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

तो आमच्याकडे अजून सुटलेला नाही. १९९९च्या मे महिन्यात हिंगोली जिल्हा झाला. टिळक गेले तेही त्याच वर्षी. आज हळदीच्या सरीवर ठिबकच्या नळ्या आहेत, विहिरीवर पीव्हीसीचे पाइप आहेत. फाटले की दोन्ही एकाच ढिगात बांधावर जाळतात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो घशाला झोंबतो. ठिबकची नळी पॉलिएथिलीनची. ती वितळवून पुन्हा घडवता येते. मात्र पीव्हीसी आधी निवडून बाजूला काढावे लागते. ही निवड कशी करायची, हे सांगायला शिवारात अद्याप कोणी आलेले नाही.