वालचंदशेठ आणि आपली फियाट

मैत्रिणींनो, गाडी घ्यायची म्हटली की घरात पहिला प्रश्न, ॲव्हरेज किती? दुसरा, डिझेल की पेट्रोल? मला तेव्हा वालचंद हिराचंद आठवतात. १८८२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस. रेल्वेची कंत्राटं घेतली, १९१९ मध्ये जहाज कंपनी काढली, १९४० मध्ये बंगलोरला विमानाचा कारखाना. मोटारीसाठी मात्र इंग्रज सरकारनं मदत दिली नाही. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केलीच, कारखाना कुर्ल्याला.

सुरुवातीला तिथं क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडत. ऐसपैस, पण पेट्रोल पिणाऱ्या. मग इटलीच्या फियाटशी जुळलं. फियाट अकराशे १९५४ मध्ये आली. वालचंदशेठ आदल्याच वर्षी गेले होते. इंजिन छोटं, म्हणून टॅक्सीवाल्यांना परवडली. गिरगाव, लालबाग, दादर, जिथं बघाल तिथं काळी-पिवळी फियाट!

पुढे काहींनी डिझेल इंजिन बसवलं. लिटरमागे जास्त पळायची, पण धूर नि खडखडाट केवढा! दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीचं त्यात भागायचं. बाजार नि शाळेपुरती गाडी असेल तर डिझेलसाठी मोजलेले जादा पैसे वसूल कधी व्हायचे? तिथं पेट्रोलच बरी. टॅक्सीवालेही नंतर सीएनजीकडे वळले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली.