कळफलकाचा जनक : ख्रिस्तोफर शोल्स

लेखणी हातीं न धरतां लिहितां यावें, यांत आज कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु ही गोष्ट साध्य करण्यासाठीं एका मुद्रकास अनेक वर्षें झिजावें लागलें. त्याचें नांव ख्रिस्तोफर लॅथम शोल्स.

शोल्सचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत झाला. लहान वयांतच तो छापखान्यांत उमेदवारी करूं लागला. पुढें विस्कॉन्सिन संस्थानांत जाऊन त्यानें वृत्तपत्र चालविलें व तेथील विधिमंडळांतही तो निवडून गेला. १८५३ सालीं त्या संस्थानानें देहान्ताची शिक्षा रद्द केली. त्या चळवळींत शोल्सचा मोठा वाटा होता.

मिलवॉकी शहरीं सॅम्युएल सूल या स्नेह्याच्या साह्यानें त्यानें पृष्ठांक छापणारें यंत्र केलें. जें यंत्र आंकडे छापतें, त्यानें अक्षरें कां छापूं नयेत, अशी शंका कार्लोस ग्लिडन या गृहस्थानें काढली, आणि शोल्सला ध्यास लागला. २३ जून १८६८ रोजीं तिघांस लेखनयंत्राचें पेटंट मिळालें.

खरी कसोटी पुढेंच होती. आरंभीं कळा पियानोप्रमाणें दोन ओळींत, वर्णमालेच्या क्रमानें होत्या. अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकत. जेम्स क्लेफन नांवाचा वॉशिंग्टनचा लघुलेखक नमुना मागवी, भरपूर राबवून तो मोडी, आणि दोषांची यादी धाडी. शोल्स त्रासून जाई. परंतु भांडवल पुरविणाऱ्या जेम्स डेन्समोरनें त्यास पटविलें कीं दोष आजच कळलेले बरे. शोल्सनें पुनः पुनः नवे नमुने केले आणि कळांची मांडणीही अनेकदां बदलली.

१८७३ सालीं बंदुका व शिवणयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याशीं करार झाला व १८७४ सालीं यंत्र बाजारांत आलें. किंमत १२५ डॉलर; अक्षरें केवळ मोठीं; लिहिलेली ओळ लिहितांना दिसतही नसे. एकाच कळीनें लहान व मोठें अशीं दोन्हीं अक्षरें उमटविण्याची सोय १८७८ सालीं झाली. शोल्सनें मात्र १२,००० डॉलर घेऊन आपला हक्क सोडून दिला होता.

या कळफलकाचें सामर्थ्य २५ जुलै १८८८ रोजीं सिनसिनाटी येथील स्पर्धेंत दिसून आलें. लुई ट्रॉबच्या यंत्रावर लहान व मोठ्या अक्षरांस निरनिराळ्या कळा होत्या, आणि तो त्या पाहून दाबी. फ्रँक मॅकगरिनच्या रेमिंग्टन यंत्रावर कळा थोड्या. पण त्यानें त्यांची जागा पाठ केली होती, व त्याची दृष्टि कागदावरून हलत नसे. मॅकगरिन सहज जिंकला. १७ फेब्रुवारी १८९० रोजीं क्षयानें शोल्सचें देहावसान झालें.

विद्यार्थीमित्रहो, आजच्या संगणकावर हीच मांडणी थोड्या फरकानें आहे. कित्येकजण प्रत्येक आज्ञेसाठीं हात उचलून माउसकडे नेतात व पडद्यावरील यादींत ती शोधीत बसतात. जाणता मनुष्य मात्र कंट्रोल कळीसह 'एस' दाबून लेख जतन करतो, 'एफ' दाबून शब्द शोधतो; कांहीं प्रणालींत तर आज्ञेचीं पहिलीं दोन-तीन अक्षरें लिहितांच ती आज्ञा समोर येते. बोटें जागचीं हलत नाहींत, चित्त विषयावरून ढळत नाहीं. मॅकगरिनच्या विजयाचें मर्म हेंच होतें. रोज एक आज्ञा पाठ करावी. वर्षअखेर हात आपोआप चालूं लागेल. शोल्सनें वर्षानुवर्षें जें सोसलें, त्याच्या मानानें हे श्रम ते किती!