पेढीवरील आत्मज्ञानी : श्रीमद् राजचंद्र

जालना हे जुने व्यापारी गाव. 'सोने का पालना' ही त्याची ख्याती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. या गावात चातुर्मासात प्रवचनाला बसलेल्या श्रावकाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. गल्ला, उधारी, हुंडी-चेक, नोकर-चाकर, कर आणि तपासण्या यांच्या रगाड्यात आत्म्याचा विचार करायचा कधी? की ते काम साधू-साध्वींवर सोपवून आपण केवळ वंदना करून घरी परतावे? हा प्रश्न ज्याने स्वतः गादीवर बसून सोडवू पाहिला, असा एक पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जवाहिऱ्यांच्या बाजारात होऊन गेला. अवघे 33 वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या पुरुषाला जग श्रीमद् राजचंद्र या नावाने ओळखते. महात्मा गांधी त्यांना रायचंदभाई म्हणत.

सौराष्ट्रात मोरबीजवळ ववाणिया हे लहानसे बंदर आहे. तेथे विक्रम संवत 1924 च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे 1867 च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांचा जन्म झाला. प्रथम नाव लक्ष्मीनंदन होते, ते पुढे रायचंद असे बदलले. आजोबा पंचाणभाई कृष्णभक्त आणि वडील रवजीभाईही त्याच वळणाचे, तर आई देवबाई जैन संस्कारांत वाढलेल्या. एकाच घरात भजन आणि प्रतिक्रमण दोन्ही नांदत असल्याने, धर्म कुळाकडून मिळतो की स्वतः शोधावा लागतो, हा विचार या मुलाला लहान वयातच भेटला असावा.

सात वर्षांचे असताना गावातील अमीचंद नावाचे एक गृहस्थ सर्पदंशाने वारले. मुलावर त्यांचा जीव होता. मरणे म्हणजे काय, असे त्याने आजोबांना विचारले. आजोबांनी विषय टाळून जेवायला बस म्हटले. पण मुलगा गुपचूप तळ्याकडे गेला आणि बाभळीवर चढून त्याने जळती चिता पाहिली. जो माणूस कालपर्यंत बोलत होता त्याचेच शरीर लोक जाळीत आहेत, मग बोलणारा गेला कुठे? या विचाराच्या आवेगात त्यांना पूर्वजन्मांचे स्मरण, म्हणजे जातिस्मरण ज्ञान झाले, असे मानले जाते. ज्यांची यावर श्रद्धा नसेल त्यांनीही एवढे ध्यानी घ्यावे की, मोठी माणसे स्मशानातून परतताना जो प्रश्न वेशीवरच टाकून येतात, तो या मुलाने जन्मभर उराशी धरला.

बुद्धी विलक्षण होती. शाळेचा सात वर्षांचा अभ्यास त्यांनी सुमारे दोन वर्षांत संपविला. तेराव्या वर्षापासून ते वडिलांच्या दुकानी बसू लागले. त्या दिवसांविषयी त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, कोणाला भाव कमी-अधिक सांगितला नाही आणि कोणाला मापात कमी-अधिक दिले नाही. या लहानशा नोंदीकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही, चमत्कारांकडे जाते. तराजूशी बसलेल्या माणसाला मात्र तिचे मोल कळते.

चमत्कारांचीही वाण नव्हती. एकाच वेळी अनेक गोष्टींकडे अवधान ठेवून त्या सर्व बिनचूक सांगणे या विद्येस अवधान म्हणतात. 1887 साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमद्‌जींनी शंभर अवधाने करून दाखविली. अनेक भाषांतील शब्द उलटसुलट क्रमाने सांगितले जात आणि ते शेवटी मूळ वाक्य जुळवून देत. सुवर्णपदक मिळाले, वृत्तपत्रांतून नाव झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन प्रयोग करण्यास सुचविले. वय वीसही नव्हते, घरची स्थिती बेताची होती. तरी त्यांनी नकार दिला आणि थोड्याच काळात अवधानांचे प्रयोग कायमचे थांबविले. लोकांची वाहवा हा आत्म्याच्या वाटेवरील धोंडा आहे, हे त्यांना उमगले होते. चालू धंदा ऐन तेजीत बंद करणे किती कठीण, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

त्याआधीच, सोळा वर्षे पाच महिन्यांच्या वयात, त्यांनी 'मोक्षमाळा' हा 108 पाठांचा ग्रंथ तीन दिवसांत लिहिला होता. त्याच सुमाराच्या 'पुष्पमाळा' या छोट्या कृतीत राजा, श्रीमंत, बालक, तरुण, वृद्ध, स्त्री अशा निरनिराळ्या स्थितीतील माणसांना त्यांनी हितबोध केला आहे. तीत दिवसाच्या आठ प्रहरांची वाटणी आहे. भक्ती, धर्मकर्तव्य, आहार आणि विद्या यांना प्रत्येकी एक प्रहर, निद्रेला दोन आणि संसाराच्या प्रयोजनाला दोन. दोन प्रहर म्हणजे 6 तास. आमच्या बाजारपेठेत सकाळी दहाला शटर उघडून रात्री नऊला ओढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

1888 साली त्यांचा विवाह झबकबाईंशी झाला. त्या डॉ. प्राणजीवन मेहता यांचे थोरले बंधू पोपटलाल यांच्या कन्या. त्याच कुटुंबातील रेवाशंकर जगजीवन यांच्याबरोबर भागीदारीत श्रीमद्‌जींनी मुंबईत हिरे-मोत्यांची पेढी चालविली. पुढे दोन मुलगे व दोन मुली झाल्या. म्हणजे संसार पूर्ण होता, व्यापार लाखोंचा होता, आणि याच वर्षांत त्यांची आत्मसाधना सर्वांत खोल गेली. विक्रम संवत 1947 मध्ये आपल्याला शुद्ध सम्यक्त्व प्रकाशले, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे.

व्यापारातील त्यांच्या वर्तनाच्या दोन कथा जैन समाजात परंपरेने सांगितल्या जातात. एका अरब मोती-व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाने थोरल्याला न विचारता मोत्यांचा माल श्रीमद्‌जींना विकला. थोरल्याने ठरविलेल्या किमतीखाली माल गेल्याचे कळताच घरात रणकंदन झाले आणि धाकटा रडत पेढीवर आला. सौदा कायद्याने पक्का होता, मालात भरपूर नफाही होता. श्रीमद्‌जींनी मोत्यांची पुडी जशीच्या तशी परत केली. दुसरी कथा हिऱ्यांच्या वायद्याची. भाव इतके चढले की, ठरल्या दराने माल देताना समोरचा व्यापारी घरादारासह बुडाला असता. श्रीमद्‌जी स्वतः त्याच्या दुकानी गेले आणि कराराचा कागद फाडून टाकला. समोरच्याच्या रक्तावर पोसलेला नफा आपल्याला नको, अशा आशयाचे ते बोलले, असे सांगतात.

या कथा ऐकून आपण माना डोलावतो. मात्र त्यांतील मुद्दा दयेपुरता नाही. श्रीमद्‌जींच्या मते व्यवहार शुद्ध नसेल तर परमार्थ टिकत नाही. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय स्थानकात उठत नाहीत, ते उठतात सौद्याच्या वेळी. म्हणून आत्म्याची परीक्षाही तेथेच व्हावयाची. सामायिक 48 मिनिटांत संपते, गादीवरचा दिवस लांब असतो.

जुलै 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईत उतरले, त्याच दिवशी डॉ. मेहतांच्या घरी त्यांची श्रीमद्‌जींशी गाठ पडली. गांधीजी तेव्हा 21 वर्षांचे, श्रीमद्‌जी 23 चे. स्मरणशक्तीची परीक्षा गांधीजींनी घेतली खरी, पण ते भारावले वेगळ्याच गोष्टीने. लाखोंचा सौदा आटोपताच हा माणूस गादीवर जवळच ठेवलेले धर्माचे पुस्तक किंवा आपल्या चिंतनाची वही उघडतो, आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा मोत्यांची पारख तितक्याच सफाईने करतो, हे त्यांनी अनेकदा पाहिले. धर्मात रमलेला माणूस व्यवहारात कच्चा असतो, हा समज त्यांच्यापुरता तेथे संपला. साधे धोतर, अंगरखा, खेस आणि फेटा असा श्रीमद्‌जींचा वेश असे, चालणे सावकाश आणि विचारमग्न.

गांधीजी एकदा इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या पत्नीची प्रशंसा करू लागले. ती बाई पार्लमेंटच्या सभागृहातही पतीला स्वतः चहा करून देई. श्रीमद्‌जींनी विचारले की, हीच सेवा बहिणीने किंवा मोलकरणीने तितक्याच प्रेमाने केली असती, तर ती तुम्हाला एवढी थोर वाटली असती काय? प्रश्न चहाचा होता, पण तो गांधीजींच्या मनात वर्षानुवर्षे राहिला आणि त्यांच्या ब्रह्मचर्यविचाराचे एक बीज ठरला. घरात पत्नी, बहीण, नोकर यांच्या सेवेला आपण कोणत्या मापाने मोजतो, हे तपासायला लावणारा हा प्रश्न आजही बोचतो.

पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती आणि मुसलमान स्नेह्यांच्या आग्रहाने गांधीजींचे मन डळमळले. त्यांनी श्रीमद्‌जींना 27 प्रश्न लिहून पाठविले. आत्मा काय आहे, ईश्वर काय आहे, मोक्ष म्हणजे काय, येथपासून ते साप चावायला आला तर त्याला मारावे की चावू द्यावे, येथपर्यंत. 20 ऑक्टोबर 1894 च्या पत्रात श्रीमद्‌जींनी सविस्तर उत्तरे दिली. सापाविषयी त्यांचे म्हणणे असे होते की, ज्याला देह अनित्य असल्याचे खरोखर पटले आहे, त्याने या नाशिवंत देहासाठी दुसऱ्या जीवाचा घात करणे योग्य नव्हे. या पत्राने गांधीजींना मोठी शांती मिळाली. तरीही गांधीजींनी त्यांना आपले गुरू म्हटले नाही. गुरूचे आसन रिकामेच राहिले, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, आणि आपल्या जीवनावर खोल ठसा उमटविणाऱ्यांत टॉल्स्टॉय आणि रस्किन यांच्याबरोबर रायचंदभाईंचे नाव घेतले.

श्रीमद्‌जींच्या शिकवणीचा गाभा 'आत्मसिद्धिशास्त्र' या 142 पद्यांच्या कृतीत आहे. सायल्याचे सोभागभाई त्यांचे जिवलग मुमुक्षू. छह पदांचे गद्य पत्र पाठ होत नाही, ते पद्यात असावे, अशी त्यांनी विनंती केली. 1896 च्या आश्विनात, नडियाद येथे एका संध्याकाळी, खंभातचे अंबालालभाई हाती कंदील धरून उभे असताना, दीड-दोन तासांत ही रचना पूर्ण झाली. चारच प्रती काढून चौघांना दिल्या. आत्मा आहे, तो नित्य आहे, तो कर्माचा कर्ता आहे, तोच भोक्ता आहे, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपाय आहे, ही ती सहा पदे. मांडणी शिष्याच्या शंका आणि गुरूची समाधाने अशी असल्याने शंका घेणे हे पाप ठरत नाही, उलट तोच दरवाजा ठरतो. आरंभीच त्यांनी दोन प्रकारच्या लोकांना सावध केले. एक क्रियेत अडकलेले, ज्यांना विधी केला म्हणजे झाले असे वाटते. दुसरे कोरडे ज्ञानी, जे बंध-मोक्ष ही कल्पना आहे असे बोलतात आणि मोहात वागतात. आपण कोणत्या गटात बसतो, हे ठरवावयास बराच वेळ लागत नाही.

ही शिकवण पचविणे त्या काळी सोपे नव्हते. गृहस्थाने मुनींना मार्ग सांगावा, हेच अनेकांना रुचले नाही. खंभात संप्रदायाचे स्थानकवासी मुनी लल्लुजी महाराज यांनी या कोट-फेट्यातील व्यापाऱ्याला वंदन केले, तेव्हा मोठी खळबळ उडाली आणि पुढे त्यांना आपल्या संघाबाहेर राहावे लागले. श्रीमद्‌जींचा आग्रह मात्र कोणत्याही गच्छाचा नव्हता. दिगंबर ग्रंथही त्यांनी तितक्याच आदराने वाचले आणि ईडरच्या डोंगरात मुनींना 'द्रव्यसंग्रह' समजाविला. स्थानक, मंदिर आणि दिगंबर वसती एकाच गावात असलेल्या आपल्यासारख्यांना यातील अर्थ कळण्यासारखा आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. श्रीमद्‌जींनी व्यापाराचा गौरव कधीच केला नाही. मुंबईहून लिहिलेल्या पत्रांतून ते पेढीच्या कामाला वारंवार उपाधी म्हणतात. हे पूर्वकर्माचे देणे आहे, ते समभावाने फेडावयाचे आहे, आणि तरी चित्ताला त्याचा भार होतो, असा त्या पत्रांचा सूर आहे. पुष्पमाळेतील दोन प्रहरांचा हिशेब त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात बसला नाही. भागीदारांचा विश्वास मोडून एकाएकी उठून जाणे त्यांना अन्याय्य वाटे. म्हणून ते वर्षातून काही दिवस चरोतरातील काविठा, राळज, वडवा, उत्तरसंडा अशा एकांत ठिकाणी जात आणि पुन्हा पेढीवर परतत. गादीवर बसून आत्मज्ञान होते, हे त्यांच्या जीवनाने दाखविले. पण ते सोपे आहे, असे त्यांनी कोणालाही सांगितले नाही.

अखेर त्यांनी व्यवसायातून अंग काढून घेतले. आईची आज्ञा घेऊन सर्वसंगपरित्याग करण्याचा मानस होता. 1900 साली शास्त्रग्रंथांच्या प्रकाशनासाठी परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना त्यांच्या प्रेरणेने झाली. परंतु देह साथ देईना. वजन झपाट्याने घटले. तिथल, वढवाण असे हवापालट करीत ते राजकोटला आले. 9 एप्रिल 1901 रोजी, चैत्र वद्य पंचमीस, धाकटे बंधू मनसुखभाई यांना आईची काळजी घेण्यास सांगून त्यांनी शांतपणे देह ठेवला.

लल्लुजी महाराजांच्या भक्तिभावातून पुढे अगास येथे आश्रम उभा राहिला. भागीदार रेवाशंकरभाईंचे मुंबईतील मणिभवन हे घर 1917 ते 1934 या काळात गांधीजींचे मुंबईतील निवासस्थान झाले. गांधीजींनी श्रीमद्‌जींच्या आठवणी लिहावयास घेतल्या त्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात. 1905 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनसंग्रहात शेकडो पत्रे आहेत. त्यांतील पुष्कळांच्या माथ्यावर गाव मुंबई आणि खाली तिथी एवढेच असते. ती पत्रे पेढीच्या दिवसांतच, कामाच्या ओझ्याखाली लिहिलेली आहेत.